वर्ष फुकट घालवलं म्हणणाऱ्यांना

पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला गावात पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतात : 'आता कुठं लागलास?' मी वर्षभर एकच उत्तर दिलं, 'कुठंच नाही.' ते ऐकून लोकांचे चेहरे असे व्हायचे, जणू मी कोर्टमार्शल होऊन घरी आलोय. मग सल्ले सुरू. अमक्या एजन्सीत सुपरवायझरची जागा आहे, तमक्या बँकेत गार्ड पाहिजे, डीएससीचा फॉर्म भर. सव्वीस वर्षं वर्दी घालून उतरवली, तिची घडी मोडायच्या आत दुसरी घाल, असा त्या सगळ्याचा अर्थ.

मी ते वर्ष वीरगळ बघत हिंडलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. आपल्याकडे बहुतेक दगडांवर तीन-चार चौकटी असतात. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याला चंद्रसूर्य. बेळगावच्या सेंटरला रंगरूट होतो तेव्हापासून हे दगड डोळ्यांसमोर होते. पुढं भुजला पोस्टिंग झाली तेव्हा तिकडचे पाळिये दिसले : घोड्यावरचा स्वार, वर तेच चंद्रसूर्य, खाली बऱ्याचदा नाव आणि तिथी. तमिळ मुलखात त्याच गोष्टीला नडुकल म्हणतात. सगळं बघितलं ते गाडीच्या मागच्या फळीवर बसून, धुळीत. कॉन्व्हॉय थांबवून 'साहेब, जरा तो दगड बघून येतो' असं म्हणणारा हवालदार अजून जन्माला यायचाय.

लोक म्हणतात, फौजीला सुट्टी भरपूर असते, तेव्हा करायचे हे शौक. मग हिशेबच मांडू या. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस नैमित्तिक. कागदावर धरली तर सव्वीस वर्षांत सहा वर्षांच्या वर रजा झाली. ती गेली कुठं? भातलावणीत, दोन बहिणींच्या लग्नांत, स्लॅब टाकण्यात, तलाठ्याच्या दारात सातबाऱ्यासाठी उभं राहण्यात, आईच्या ऑपरेशनला. यातल्या एकाही दिवसाबद्दल तक्रार नाही. पण त्यातला एक दिवस माझा होता असं कुणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. घरकर्ज, पोरांच्या फिया, म्हातारे आईवडील, त्यात वर्षभर पगार नाही म्हणजे कसं? ज्याचं खरंच भागत नाही त्याच्याशी माझं भांडण नाही, त्यानं उद्या कामावर जावं. पण आपल्याला पहिल्या महिन्यापासून पेन्शन आहे. ग्रॅच्युइटी मिळते, साठवलेल्या रजेचे तीनशे दिवसांपर्यंतचे पैसे मिळतात. एवढं हातात असलेला बेकार या देशात दुसरा शोधून दाखवा. मी मुलींच्या फिया बाजूला काढल्या, उरलेल्यात एसटी, रेल्वेचा साधा डबा आणि मोटरसायकलचं पेट्रोल बसवलं. सौराष्ट्रात घरधनीण बरोबर होती. वहीत दगडांची चित्रं तिनं काढलीत, माझ्या फोटोंपेक्षा ती चांगली आहेत हेही इथंच सांगून टाकतो.

माझं भांडण आहे ते तालुक्याला प्लॉट घेऊन ठेवलेल्या आणि तरी 'घरात वेळ जात नाही रे' म्हणून बारा तासांची गेटवरची ड्यूटी पत्करणाऱ्या माझ्याच भावांशी. वेळ जात नाही, कारण वेळ आपला असतो तेव्हा त्याचं काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. रिव्हेली ते रोलकॉल दुसऱ्यानं आखून दिलेला दिवस जगलो. एजन्सीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या डिस्चार्जची तारीख आमच्या बायकांच्या आधी त्यांना कळते. प्रश्न न विचारणारा, वेळेवर येणारा, पेन्शन असल्यामुळे कमी पगारातही राहणारा माणूस त्यांना हवाच असतो.

माझ्या जुन्या प्लाटूनमधला एक जण बोरिवलीत गार्ड आहे. त्याच्या सोसायटीपासून थोड्या अंतरावर एकसरचे वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर समुद्रावरची लढाई कोरलीय : वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, वर स्वर्गाला चाललेले वीर. शिलाहार आणि यादव यांच्या लढाईशी त्यांचा संबंध जोडतात. हा भाऊ तिथं सात वर्षं आहे आणि त्यानं ते पाहिलेले नाहीत. मी त्याला घेऊन गेलो. तो दगडापुढं उकिडवा बसला आणि मला म्हणाला, 'ढाल बघ कशी धरलीय.' लढवय्यांचा दगड वाचायला पंडितच लागतो असं नाही. ढालीचा हात, घोड्यावरची बैठक, कोण चाल करतोय आणि कोण मागं हटतोय हे आपल्याला आधी दिसतं.

बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आतकूरचा दहाव्या शतकातला दगड आहे. रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याची आठवण त्याच्यावर कोरलेली आहे. कुत्र्याचं नाव हजार वर्षं टिकलं. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मात्र निनावी. कुठं देवळाच्या पायरीला लावलेले, कुठं धुण्याला, कुठं शेंदूर फासून देव केलेले. असे दगड गावागावानं नोंदवून त्यांच्या तीन वह्या झाल्या. याचा उपयोग काय म्हणून मला विचारतात. सोसायटीच्या वहीत ये-जा करणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिले असते, तर उपयोग कुणी विचारला नसता.

आणि हे शौक साहेब लोकांचे, असंही ऐकवतात. साहेबानं पक्षी बघितले की पक्षीतज्ज्ञ, हवालदारानं दगड बघितले की रिकामटेकडा! व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. भारतीयानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्या निवृत्त माणसाचा हट्ट. त्यातून गोव्यात 'म्हादेई' बांधली गेली आणि ऑगस्ट २००९ मध्ये निघालेले दिलीप दोंदे मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी करून मुंबईला परतले. पुढं २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून जाऊन आल्या. एका पेन्शनराला वेळ जात नव्हता म्हणून तो गेटवर जाऊन बसला असता, तर? नौदलानं त्या हट्टाला माणूस, पैसा आणि वेळ दिला हे खरंच आहे. हवालदाराच्या हट्टाला बोट नको. नोकरीच्या शेवटच्या वर्षात सुरक्षा, संगणक, व्यवस्थापन असले कोर्स करायला सोडतात, तेवढेच तीन महिने 'स्वतःचं काम' या नावाखाली द्या. कुणी बासरी शिकेल, कुणी बापजाद्यांची पत्रं लावून ठेवेल, कुणी विहिरीवर बसून पोहायला शिकवेल. अर्जात उद्देशाचा रकाना असला तर तो कोरा सोडायची मुभा ठेवा.

एक तारखेपासून मी कामाला लागतोय. तालुक्यात एका शाळेची बस चालवणार आहे, दुपारी अकरा ते तीन मोकळा. त्या वेळात कोयनाकाठची राहिलेली गावं करायची आहेत. आपल्या गावच्या पारावर, देवळामागं, ओढ्याला असा दगड असेल तर गावाचं नाव आणि फोटो पाठवा. खडूनं रेघा ओढू नका, पाणी मारून फोटो काढा, कोरीव काम उठून दिसतं.