मधला मतदार

निवडणुकीत आरडाओरडा करतात दोन्ही टोकांचे. निकाल लावतो तो मधला. हिंगोली-वाशिम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला असेच एक गृहस्थ मला भेटले. गोष्ट निघाली त्यांच्या गावच्या सरपंचांची.

"माणूस पैसे खाणारा नाही हो; पण नळाला पाणीही नाही! पुन्हा मत कसे द्यावे?"

मी विचारले, "ग्रामसभेला गेला होतात?"

गृहस्थ गप्प!

थेट सरपंच निवडण्याचा हक्क २०१७ साली आला, २०२० साली गेला, २०२२ साली परत मिळाला. पण वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानेच भरवाव्या लागतात. तिथे हिशेब मागायला पाच वर्षे थांबावे लागत नाही.

शहरातले आपण तरी सोसायटीच्या वार्षिक सभेला कुठे जातो? अध्यक्षांना नावे मात्र जिन्यात ठेवतो!