वाडवडिलांच्या कबरी शोधताना

२०२५च्या मार्च महिन्यात खुलताबादची एक कबर सतत बातम्यांत होती. औरंगजेबाची कबर ठेवावी की हटवावी, यावर वाहिन्यांवर रोज भांडणे लागत होती. त्यातून नागपुरात दंगलही झाली. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या मुसलमानाला एकच काम उरले होते : त्या बादशहाशी आपला संबंध नाही, हे भेटेल त्याला समजावून सांगणे. मात्र ज्यांच्याशी आपला रक्ताचा संबंध आहे त्या पणजोबांची कबर कुठे आहे, असे कुणी विचारले असते तर आपल्यातल्या किती जणांना उत्तर देता आले असते?

आपल्या समाजात वंशावळ निघते ती बहुधा लग्न जमवताना. मग कुणाचे पूर्वज अरबस्तानातून आलेले असतात, कुणाचे बुखाऱ्यातून, कुणाचे आदिलशहाच्या फौजेतून. गंमत अशी की, एवढ्या लांबून आलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे मुलाणी, तांबोळी, पिंजारी, बागवान, शिकलगार, अत्तार अशी अस्सल गावगाड्यातली आडनावे लावतात. काही घराणी खरोखर बाहेरून आली असतील. पण आपल्यापैकी बहुसंख्य याच मातीतले, इथल्याच कारागीर आणि शेतकरी जातींतले आहेत. इस्लामने माणसाची प्रतिष्ठा वंशावर न ठेवता तकव्यावर ठेवली, हे आपण दर जुम्याला ऐकतो आणि घरी येऊन सोयरिकीसाठी सय्यद शोधतो.

आमच्या घरातही विजापूरची एक गोष्ट होती. अब्बांनी ती त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली, मी अब्बांकडून. गेल्या हिवाळ्यात अब्बा, अम्मी, बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही पुण्याहून निघालो. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण आणि मोगराळे घाट चढून माण तालुका. १९७२च्या दुष्काळात आजोबांनी याच वाटेने उलटा प्रवास केला होता. खडी फोडण्याच्या कामावर भागेना म्हणून ते पुण्याला आले आणि परतलेच नाहीत. मुलांना ‘गाव’ म्हणजे आधारकार्डावर नसलेला एक शब्द, एवढेच ठाऊक होते.

गावात अब्बांचे एक चुलते अजून आहेत. कब्रस्तान ओढ्याच्या कडेला. बाभळी, कुसळे आणि मातीचे उंचवटे. एकाही कबरीवर नाव नाही. कबर पक्की बांधू नये, ही शिकवण आमच्या लोकांनी पाळली आणि गरिबीने ती पाळायला मदत केली. चुलत आजोबांनी काठीने दाखवले, हे तुझे पणजोबा, त्यांच्या उशाशी त्यांचा भाऊ, पलीकडे प्लेगात गेलेली पोरे. या जमिनीचा सगळा नकाशा एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात आहे. ते गेले की तिथे फक्त माती उरेल. आम्ही फातेहा पढलो आणि मुलीने वहीत प्रत्येक कबरीची जागा झाडांच्या खुणेने उतरवून घेतली.

बाकीचा शोध कागदांत होता. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांचे नाव सापडले. जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’. पाटलांच्या वाड्यात जपलेला एक मोडी कागद आम्ही पुण्यात वाचून घेतला. त्यात पणजोबांच्या वडिलांचे नाव होते, पुढे ‘मुलाणी’ आणि मशिदीची दिवाबत्ती, जत्रेतली बकरी हलाल करणे या कामांबद्दल मिळालेल्या इनाम जमिनीचा उल्लेख. फौजेचा नाही, विजापूरचाही नाही. अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आपण गावाचेच होतो.” मला हे वाक्य विजापूरच्या गोष्टीपेक्षा मोठे वाटते. जत्रा देवाची, बकरे मराठ्याचे आणि सुरी मुलाण्याची. यात गावाला कधी विसंगती वाटली नव्हती.

पणजीचे नाव मात्र एकाही कागदात नव्हते. ते सांगितले शेजारच्या नव्वदीतल्या मराठा आजींनी, कारण लहानपणी त्या तिच्या हातची शिरखुर्म्याची वाटी खात असत. आपल्या वंशावळी बापाकडून मुलाकडे जातात. आयांची नावे शेजारणींच्या आठवणीत राहतात. घराण्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या बायकांपासून करावी, असे मला तेव्हापासून वाटते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला धर्माचा : कबरींना भेटी देणे बिदअत नाही का? पैगंबरांनी सुरुवातीला ही मनाई केली होती आणि पुढे परवानगी दिली, कारण कबर माणसाला आखिरतची आठवण करून देते. हे सहीह हदीसमध्ये आहे. मतभेद आहेत ते कबरीकडे मागणे मागण्याबद्दल, तिथे जाऊन दुआ करण्याबद्दल नाहीत. उलट सूरह तकासुरमध्ये इशारा आहे तो बढाईखोरांना. भाष्यकार सांगतात की, टोळीची संख्या मिरवण्यासाठी लोक मेलेल्यांचीही मोजदाद करत. खानदानाच्या फुशारकीला तो इशारा आजही लागू आहे.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा : आपण इथलेच, हे कुणाला सिद्ध करून का दाखवायचे? मुळीच दाखवू नये. कुणाच्या टीव्हीवरच्या प्रश्नाला उत्तर म्हणून पणजोबांची कबर शोधणे हा पणजोबांचा अपमान आहे. हा शोध आपल्या मुलांसाठी आहे. शिवाय त्याला रोखठोक व्यवहारही जोडलेला आहे. ओबीसीचे जात पडताळणी प्रमाणपत्र काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. रजिस्टरात ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले असले की, पिंजाऱ्याच्या किंवा बागवानाच्या पोराचा प्रवेश अडतो. मग जुनी फेरफार नोंद, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, चुलत्याचा दाखला यांची शोधाशोध ऐन वेळी सुरू होते. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी सरकारी दप्तरे उघडली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली, ते सगळ्यांनी पाहिले. त्याच दप्तरांत आपलेही आजे-पणजे आहेत. मराठवाड्यात ते उर्दूत सापडतील. कब्रस्तानांचेही तेच. २०२५च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर पोर्टलवर माहिती भरायची वेळ आली आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या दफनभूमीचा सातबारा नेमका कुणाच्या नावावर आहे, हे अनेक ठिकाणी पहिल्यांदा पाहिले गेले.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. उमरा आणि अजमेरचे बेत होतात, तसा एक बेत गावाचा करा. सोबत मुले न्या आणि घरातला सर्वांत म्हातारा माणूस न्या. त्याला बोलू द्या, फोनवर रेकॉर्ड करा. कब्रस्तानाचा कागदी नकाशा काढून मशिदीत आणि शाळेत एकेक प्रत ठेवा. शाळेतून उतारा घ्या, तलाठ्याकडे जुने फेरफार पाहा, ट्रंकेतला मोडी किंवा फारसी कागद रद्दीत टाकण्याआधी वाचून घ्या. जे निघेल ते लपवू नका. पूर्वज पिंजारी निघाले तर त्यांनी किती गावांना उबदार गाद्या दिल्या असतील, ते मुलांना सांगा. पण हे याच वर्षी करा. कबरीवर नाव नसले तरी चालते. ती कुणाची, हे सांगणारा माणूस मात्र असायला हवा.