हरणाऱ्या संघाचे धनी



कॅनडा देशाच्या पश्चिमेकडील सपाट मुलखात सस्कॅचवान नावाचा एक प्रांत आहे. विस्ताराने तो महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. परंतु लोकवस्ती पाहू जाल तर अवघी बारा लाखांच्या आसपास. गहू, कॅनोला आणि मसूर ही तेथील मुख्य पिके. आपल्या घरी शिजणारी मसुरीची डाळ पुष्कळदा याच प्रांतातून समुद्र ओलांडून आलेली असते, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अशा या शेतकऱ्यांच्या मुलखात एक फुटबॉलचा संघ आहे. त्याचे नाव सस्कॅचवान रफरायडर्स. राजधानी रिजायना येथे त्याचे क्रीडांगण असून सामन्याच्या दिवशी दोनदोनशे मैलांवरून कुटुंबेच्या कुटुंबे हिरवे कपडे घालून तेथे येतात. काहीजण तर कलिंगड पोखरून त्याची टोपी करून डोक्यावर घालतात. थंड हवेच्या देशात असले वेड कोठून शिरले, याचे आम्हांला प्रथम नवल वाटले. पुढे या संघाची हकीगत वाचत गेलो तसतसे ते कमी झाले.

हा फुटबॉल म्हणजे कापणी झालेल्या शेतात आपली मुले खेळतात तो नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हाताने फेकीत किंवा बगलेत धरून पळवीत पुढे न्यावयाचा असतो. प्रत्येक बाजूस बारा खेळाडू. तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो प्रतिपक्षाला द्यावा लागतो. चेंडू प्रथम ज्याच्या हाती येतो आणि तो कोठे फेकावा हे जो दोनतीन क्षणांत ठरवितो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहून त्याचे रक्षण करतात. भिंत फुटली की क्वार्टरबॅक भुईसपाट होतो. वाचकांनी ही भिंत ध्यानात ठेवावी. प्रेक्षकांना पडलेला माणूस दिसतो. भिंत कोठे फुटली ते सहसा दिसत नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. बहुतेक व्यावसायिक संघ एखाद्या धनिकाच्या मालकीचे असतात. रफरायडर्सचे तसे नाही. हा संघ लोकांचा आहे. सामान्य माणसांनी त्याचे शेअर घेतले आहेत. त्यावर लाभांश मिळत नाही. मिळतो तो कागद घरात टांगून ठेवण्याचा अभिमान. १९७७ पासून १९८७ पर्यंत सलग अकरा वर्षे हा संघ अंतिम फेऱ्यांच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचला नाही. तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १९८७ मध्ये दूरचित्रवाणीवरून लोकांना हाक घालून वर्गणी गोळा करावी लागली. लोकांनी ती दिली. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, नऊ जिंकलेले व नऊ हरलेले सामने एवढ्याच पुंजीवर बाद फेरीत शिरलेल्या या संघाने प्रथम कॅल्गरीला, मग अठरापैकी सोळा सामने जिंकलेल्या एडमंटनला आणि शेवटी हॅमिल्टनला ४३ विरुद्ध ४० गुणांनी हरवून ग्रे चषक जिंकला. या मुलखातील माणसाला 'आता काही आशा नाही' असे सांगून पाहा. तो १९८९ चे नाव घेईल.

म्हणून येथे संघ हरू लागला की जो वाद माजतो, तो रिकामटेकड्यांचा वाद नसतो. धान्याच्या कोठाराशी, चहाकॉफीच्या दुकानात, रेडिओवर, जेवणाच्या मेजावर माणसे बोलतात ती धन्याच्या नात्याने. कोणाला ठेवावे, कोणाला काढावे, कोणाला आणावे? आणि हा हिशेब वाटतो तितका सोपाही नाही. संपूर्ण संघाच्या पगारावर लीगने मर्यादा घातलेली आहे. आम्ही ज्या वर्षांविषयी लिहीत आहोत त्या वर्षी ती पंचावन्न लाख कॅनेडियन डॉलरच्या आतबाहेर होती. 'अमक्याला आणा' म्हणणाऱ्याने 'तमक्याला काढा' हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे. शिवाय मैदानात उतरणाऱ्यांपैकी ठरावीक संख्या कॅनडातील खेळाडूंची असलीच पाहिजे, असा नियम आहे. बहुतेक संघ ती संख्या वर सांगितलेल्या भिंतीत भरून काढतात. तेव्हा खंबीर कॅनेडियन भिंतवाला मिळणे ही मोठीच दुर्मीळ गोष्ट. अमेरिकेतून चपळ धावपटू आणता येतात, परंतु भिंत घरचीच उभारावी लागते.

आता २०२२ ची हकीगत पाहू. त्या वेळी क्वार्टरबॅक होता कोडी फजार्डो. २०१९ मध्ये याच गड्याने संघाला पश्चिम विभागात अव्वल स्थान मिळवून दिले होते. त्या वर्षीच्या विभागीय अंतिम सामन्यात त्याचा अखेरचा फेकलेला चेंडू गोलखांबाच्या आडव्या दांड्यावर आदळला आणि विनिपेगचा संघ पुढे गेला. २०२० चा हंगाम साथीमुळे झालाच नाही. २०२१ मध्ये पुन्हा विनिपेगनेच वाट अडविली. २०२२ चा अंतिम सामना रिजायनातच व्हावयाचा होता. तेव्हा आपल्या अंगणात आपणच चषक उचलावा अशी साऱ्या प्रांताची उमेद असणे साहजिकच होते. पहिल्या अकरा सामन्यांत सहा जिंकून झाले. त्यानंतर सात सामने झाले, सातही हरले.

या सात सामन्यांच्या काळात आशेचे गणित कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. लीगमध्ये नऊ संघ, पश्चिमेकडे पाच व पूर्वेकडे चार. प्रत्येक विभागातील पहिले तीन पुढे जात. परंतु एका विभागातील चौथा संघ दुसऱ्या विभागातील तिसऱ्याहून अधिक गुण मिळवील, तर त्याने सीमा ओलांडून तेथील जागा घ्यावी, अशी एक पळवाट नियमांत होती. पश्चिमेत आपण चौथे आहोत, म्हणून काय झाले? पूर्वेत हॅमिल्टनही अडखळत आहे! मग चाहत्यांची दृष्टी स्वतःच्या सामन्यांवरून उडून परक्यांच्या सामन्यांवर जाते. हॅमिल्टन हरावे, अमुक जिंकावे, तमुक बरोबरीत सुटावे. आपल्या कष्टाने येईना ते शेजाऱ्याच्या नुकसानीने यावे, ही इच्छा शेतकऱ्याच्या मनात एरवी येत नाही. खेळाने ती येते आणि भले लोकही ती हसतहसत बोलून दाखवितात. हॅमिल्टनने मात्र अखेरीस आपली जागा राखली.

मग दोष कोणाचा? त्या हंगामात क्वार्टरबॅक जितक्या वेळा भुईवर पाडला गेला तितका दुसऱ्या कोणत्याही संघाचा पाडला गेला नव्हता. फजार्डोचा गुडघाही दुखावलेला होता. तथापि वाद जसजसा तापत गेला, तसतसे पाच जणांच्या भिंतीविषयी बोलणे कमी होत गेले आणि एका माणसाविषयी बोलणे वाढत गेले. शेवटी त्याला बाकावर बसविण्यात आले. हंगाम संपल्यावर तो मॉन्ट्रियलला निघून गेला आणि त्याच्या जागी सदतिसाव्या वर्षाकडे झुकलेला ट्रेव्हर हॅरिस आला.

२०२३ साल म्हणजे जणू २०२२ ची नक्कल. जुलैमध्येच हॅरिसच्या गुडघ्याचे हाड मोडले व तो साऱ्या हंगामाला मुकला. तरीही अकरा सामन्यांत सहा विजय झाले. सप्टेंबरच्या आरंभी विनिपेगशी जो परंपरागत सामना होतो, तोही जिंकला. आणि पुन्हा लागोपाठ सात पराभव! या खेपेस पश्चिमेकडील तिसऱ्या जागेसाठी झगडा होता तो कॅल्गरीशी. दोघांचेही विजय सहा आणि पराभव बारा. परंतु बरोबरी फोडण्याच्या नियमाने कॅल्गरी पुढे गेली. गंमत अशी, की रायडर्सचे प्रशिक्षक क्रेग डिकन्सन आणि कॅल्गरीचे प्रशिक्षक डेव्ह डिकन्सन हे सख्खे भाऊ. धाकट्याच्या संघाला जागा मिळाली आणि थोरल्याची नोकरी गेली.

त्यानंतर महिनाभरातच, १९ नोव्हेंबर रोजी, हॅमिल्टन येथे मॉन्ट्रियलने विनिपेगला २८ विरुद्ध २४ असे हरवून ग्रे चषक जिंकला. विजयाचा चेंडू फेकला गेला तेव्हा घड्याळात अवघे तेरा सेकंद उरले होते. तो फेकणारा फजार्डो. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचाच गौरव झाला. रिजायनातील घराघरांत तो सामना पाहिला गेला असेल. पाहणाऱ्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. २००४ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम सामन्यात पॉल मॅकॅलम नावाच्या खेळाडूकडून जादा वेळेत अठरा यार्डांवरून मारलेली लाथ हुकली. अठरा यार्ड म्हणजे या खेळात अगदी हातभर अंतर. संघ हरला. त्यानंतर त्याच्या घरावर अंडी फेकण्यात आली, आणि कोणी दीडशहाण्याने शेणखताचा ढीग आणून टाकला तो चुकून शेजाऱ्याच्या दारात! संतापाला घरक्रमांक वाचता येत नाही, हे आम्हां खेड्यापाड्यांत राहणाऱ्यांना नवीन नाही. बांधाच्या भांडणात कोणाचा गवताचा भारा पेटतो आणि वैर कोणाचे असते, हे आम्ही पाहिले आहे. मॅकॅलम पुढे ब्रिटिश कोलंबियाच्या संघात गेला. २००६ च्या ग्रे चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने सहा वेळा अचूक लाथ मारली आणि सामन्यातील सर्वोत्तम कॅनेडियन खेळाडू ठरला.

याउलट २००९ ची घटना आम्हांला अधिक बोलकी वाटते. अंतिम सामना, प्रतिपक्ष मॉन्ट्रियल. शेवटच्या क्षणी मॉन्ट्रियलची त्रेचाळीस यार्डांवरून मारलेली लाथ हुकली आणि रायडर्सचे लोक नाचू लागले. इतक्यात पंचांनी टाकलेला दंडाचा रुमाल दिसला. मैदानात रायडर्सचे बारा नव्हे, तेरा खेळाडू होते! लाथ पुन्हा मारण्यात आली, दहा यार्ड जवळून, आणि २८ विरुद्ध २७ असा पराभव पदरी आला. दैवाची थट्टा अशी, की तेथील चाहत्यांना संघ कौतुकाने 'तेरावा माणूस' म्हणत असे. तो तेरावा कोण, हे साऱ्या प्रांताला हवे होते. प्रशिक्षक केन मिलर यांनी त्याचे नाव पुढे केले नाही. शेणखताची गाडी भरलेली असली, तरी न्यावयाची कोणाच्या दारी?

चाहत्यांचे सारेच चुकले, असा आमचा निवाडा नाही. २०२३ नंतर बदल हवा, ही त्यांची मागणी रास्त होती; सलग दोन वर्षे सारख्याच रीतीने कोसळणारा संघ तसाच पुढे रेटणे शहाणपणाचे नव्हते. कोरी मेस हे नवे प्रशिक्षक आले. परंतु याच वेळी दुसरी एक मागणी जोर धरीत होती: तो मोडक्या गुडघ्याचा म्हातारा हॅरिस कशाला? एखादा पोरसवदा शोधा. व्यवस्थापक जेरेमी ओडे, जे स्वतः पूर्वी याच संघाच्या भिंतीत उभे राहून खेळले होते, त्यांनाही काढा असे म्हणणारे होतेच. ओडे राहिले आणि हॅरिसही राहिला. भिंतीत खेळलेल्या माणसाला पडलेल्या माणसाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी असावी, असे आम्हांला वाटते. अर्थात हा केवळ आमचा तर्क.

२०२४ मध्ये नऊ विजय, आठ पराभव, एक बरोबरी. विभागीय अंतिम सामन्यापर्यंत मजल आणि तेथे पुन्हा विनिपेगची आडकाठी. वाद थंडावला, विझला मात्र नाही. २०२५ मध्ये बारा सामने जिंकून संघ पश्चिमेत पहिला आला आणि १६ नोव्हेंबरला, त्याच विनिपेगच्या क्रीडांगणावर, मॉन्ट्रियलला २५ विरुद्ध १७ असे हरवून त्याने ग्रे चषक घरी नेला. तोवर फजार्डो मॉन्ट्रियल सोडून एडमंटनला गेला होता. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरला ट्रेव्हर हॅरिस, वय वर्षे एकोणचाळीस. चाळिशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यास हे वय कोवळेच वाटते, पण त्या खेळात ते आजोबांचे समजतात.

दोन वर्षांपूर्वी 'त्याला काढा' म्हणून मेजावर मूठ आपटणारे धनी त्या रात्री कोठे होते, ते कोण सांगणार? आज रिजायनात जाऊन चौकशी केली, तर तसे म्हटल्याचे कबूल करणारा एकही मनुष्य सापडेल असे आम्हांला वाटत नाही.