वैमानिकाची विश्रांती आणि प्रवाशाची सुरक्षितता

परभणी जिल्ह्यातील पालम आणि दिल्लीचे पालम यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही. एकाला विमान गाठावयाचे तर नांदेडला जावे लागते. दुसऱ्याच्या नावानेच राजधानीचा विमानतळ दीर्घकाळ ओळखला जात असे. तथापि दिल्लीच्या पालमच्या वाटेवर लागोपाठ दोन वर्षांत जे अपघात घडले, त्यांचा धडा वर्षाकाठी एखादेवेळी नांदेडहून विमानात बसणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

१४ जून १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे विमान पालमला उतरण्याच्या बेतात असता यमुनेकाठी कोसळले व ८० हून अधिक माणसे दगावली. वैमानिकांनी विहित पद्धती सोडली, असा भारतीय चौकशीचा निष्कर्ष होता. चुकीच्या मार्गदर्शक संकेताने घात केला, असे जपानी पक्षाचे म्हणणे होते. ३१ मे १९७३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग खराब हवेत, धावपट्टी दिसण्यापूर्वीच, किमान उंचीच्या खाली गेले. केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांच्यासह ४८ जण त्यात मृत्युमुखी पडले.

महाराष्ट्रही अशा घटनांना अपरिचित नाही. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालियाचे विमान मुंबई जवळ आली अशा समजुतीने वेळेपूर्वीच खाली येऊ लागले आणि जुन्नरच्या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण ठार झाले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी तर जपान एअर लाइन्सचेच दुसरे एक विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले व पुढे घसरत गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पश्चिमेकडून येणाऱ्याला जुहूची धावपट्टी आधी दिसते आणि तिची दिशाही जवळजवळ सांताक्रूझसारखीच आहे. अनुभवी डोळ्यांनाही फसविण्यास एवढे पुरेसे होते.

या सर्व अपघातांचे मूळ थकव्यात होते, असे नव्हे. परंतु अखेरच्या काही मिनिटांत चुकीला वाव किती अल्प असतो, हे त्यांतून स्पष्ट होते. वेग कमी करणे, चाके बाहेर काढणे, नियंत्रकाशी बोलणे, उंची तपासणे आणि आपण नेमके कोठे आहोत याचे भान राखणे, ही सारी कामे याच वेळी एकत्र येतात. म्हणूनच अमेरिकेने १९८१ मध्ये दहा हजार फुटांखाली वैमानिकांच्या कक्षात अनावश्यक बोलण्यास व कामास बंदी घातली. जेथे ताज्या मनाचीही कसोटी लागते, तेथे शिणलेले मन कितपत टिकणार?

भारतात या दृष्टीने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रपाळीत अनुज्ञेय असलेली उतरणी सहावरून दोनवर आली. विमान कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. डिसेंबरमध्ये मात्र इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर प्रवासी ताटकळले आणि नियामकाने त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सवलत दिली.

प्रवाशांचा संताप स्वाभाविक होता. पण त्याचा रोख नियमांवर वळणे घातक ठरेल. नियम अकस्मात आले नव्हते. वैमानिकांची भरती व त्यांच्या कामाची आखणी करण्यास कंपनीला पुरेसा अवधी मिळाला होता. खरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. विश्रांतीचा खर्च दर महिन्याच्या हिशेबात दिसतो. टळलेला अपघात कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. त्यामुळे केवळ बाजारावर सोपविल्यास विश्रांती नेहमीच कमी पडणार. ती सक्तीने देवविणे हे शासनाचे काम आहे. परंतु देशांतर्गत वाहतुकीपैकी साठ टक्क्यांहून अधिक वाटा एकाच कंपनीकडे असेल, तर ती अडखळताच देश अडखळतो आणि नियामकाच्या हाती माघारीवाचून फारसे काही उरत नाही. मक्तेदारीची किंमत केवळ तिकिटाच्या दरात मोजावयाची नसते. कायद्याचा धाक ओसरणे, ही तिची अधिक महाग किंमत होय.

तेव्हा सवलतीची मुदत संपली की प्रश्न संपला, असे मानून चालणार नाही. कोणत्या कंपनीकडे किती वैमानिक आहेत आणि नियम पाळून ते किती उड्डाणे करू शकतात, याची जाहीर तपासणी हंगामाचे वेळापत्रक मंजूर करण्यापूर्वीच झाली पाहिजे. मनुष्यबळ अपुरे असेल तर उड्डाणे कमी करावीत, विश्रांती नव्हे. रद्द झालेल्या विमानाचे पैसे परत करता येतात. डोंगरावर आदळलेल्या विमानाची भरपाई कोणतीही कंपनी करू शकत नाही.