राज्यशास्त्र शिकलात, पण नात्यागोत्याचं काय?

पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या गावातली मुलगी बारावीनंतर आर्ट्सला जाते, तेव्हा तिच्या विषयांचा विचार कोण करतं? जवळच्या कॉलेजात जे असेल ते. राज्यशास्त्र बहुतेकींच्या वाट्याला येतं. मानववंशशास्त्र म्हणजे मात्र कवट्या मोजणं, असा समज. आमचं म्हणणं असं की हे दोन्ही विषय मुलींनी जोडीनेच शिकावेत.

भंडाऱ्यातून १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवून हरलेल्या बाबासाहेबांनी ते केलं होतं. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्राचे वर्गही त्यांनी केले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि त्यासाठी बाईला ताब्यात ठेवावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्याचीच साधनं. पंचविशीतला विद्यार्थी हे मांडत होता! पुढे कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी तो झगडला, आणि ते रखडल्यावर १९५१ साली त्याने राजीनामा दिला.

आता गावात बघा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला (तोवर लग्न झालेल्या मुली वगळून!), केंद्राने २००५ साली. कायदा झाला. तरी बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. का? भोळी असते म्हणून नव्हे. सासरी काही बरंवाईट झालं तर माहेरचं दार उघडं राहावं, ही त्या सहीची किंमत. हे राज्यशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या ग्रंथात भारतभरच्या नातेव्यवस्थांचा धांडोळा घेतला, तिथे शोधावं लागतं. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, पण उमेदवार कोण हे भावकी ठरवते.

या विषयांनी पोट भरेल का, असं बाप विचारणार. प्रश्न खोटा नाही. पण राज्यशास्त्र एकट्यानेही पोट भरत नाहीच! खरी अडचण वेगळी. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने दुसरा विषय जोडीला घ्यायची मुभा दिली, पण शिकवायला कुणी नसेल तर घेणार काय? नागपुरात भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र आहे. तिथल्या अभ्यासकांना जिल्ह्यातल्या कॉलेजांनी वर्षातून चार दिवस तरी बोलवावं. तोवर राज्यशास्त्राच्या मुलींनी आपल्याच आळीतल्या दहा घरांत वही घेऊन जावं: सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हक्कसोडीवर सही कुणाची, आणि सही झाली तेव्हा समोर कोण कोण बसलं होतं?