दोर कोणाच्या हाती?



आम्ही नवरा-बायको इंग्लंडमध्ये शेफिल्डला राहत होतो तेव्हाची गोष्ट. तिथल्या पॅरिशमधल्या नऊ मुलामुलींना घेऊन एका शनिवारी स्टॅनेज एजला गेलो. हॅदरसेज गावाच्या वरची ही कड्यांची लांबलचक रांग, सह्याद्रीपुढे ठेंगणीच. दगड मात्र जात्यासारखा खरखरीत. पूर्वी तिथे जात्याचे दगड घडवतही असत; टाकून दिलेली भलीमोठी चाके अजून पायथ्याशी गवतात पडली आहेत.

त्या कड्यात बोल्ट ठोकायचे नाहीत असा तिथला रिवाज. म्हणून प्रशिक्षकाने वर जाऊन फटींत धातूच्या पाचरी अडकवल्या आणि त्यांच्या आधाराने दोर खाली सोडला. एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला आठाच्या गाठीने बांधायचे, दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्याने सांभाळायची. याला बिले देणे म्हणतात. चढणारा वर सरकेल तसा दोर ओढून घ्यायचा, आणि काहीही झाले तरी ब्रेकचा हात सोडायचा नाही.

आमचा मुलगा चढायला निघाला आणि बिले द्यायला उभी राहिली चौदा वर्षांची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. खरे सांगतो, जीव वरखाली झाला. प्रशिक्षकाला हळूच म्हटले, "तुम्हीच धरा ना." तो म्हणाला, "तीच धरेल. मी मागे दोराचे शेपूट धरतो." अर्ध्यावर मुलाचा पाय सुटला. तो हातभर खाली आला आणि लोंबकळत राहिला. मुलीचे ओठ पांढरे पडले होते, पण हात हलला नाही. मागच्या माणसाला काहीच करावे लागले नाही.

परतताना मार्काच्या शुभवर्तमानातले ते चौघे आठवले, छप्पर उसकून पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडणारे. मार्क त्यांची नावे सांगत नाही. आम्हांला वाटते, तरुण पोरेच असावीत. पोक्त माणसांनी आधी घरमालकाची परवानगी काढली असती.

आपल्या बेळगावात युवकांना आपण काय देतो? सणाला खुर्च्या मांडणे आणि माइक लावणे. पोरे टिकत नाहीत म्हणून दोष मोबाइलला. आमचे मत स्पष्ट आहे: आजाऱ्यांच्या भेटी, मदतनिधीचा हिशेब, लहानांचे धर्मशिक्षण, सगळे दोर आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांनीच धरून ठेवले आहेत. चुका होतील ही भीती खोटी नाही. म्हणून तर शेपूट धरणारा हवा. पण मागे.

बदामीचा लाल कडा आपल्यापासून काही तासांवर. देशभरातून चढणारे तिथे येतात. तरी मागच्या सभेत पालकांनी सहलीला नकार दिला. हेल्मेट, प्रशिक्षक, खर्च यांविषयीचे प्रश्न रास्त होते, उत्तरे लिहून आणली आहेत. "मुलींना कशाला?" याला मात्र आमच्याकडे वरच्या हकिकतीवाचून दुसरे उत्तर नाही.

रविवारी मिस्सानंतर पुन्हा बसू. सोबत यायला चार मोठी माणसे हवी आहेत, त्यांतल्या दोन तरी बायका.