गंजलेला बोल्ट आणि श्रमप्रतिष्ठेचं ढोंग



आपल्या वस्तीतला एखादा पोरगा गॅरेजला लागला की दोन प्रकारची माणसं बोलतात. आपले शिकलेले म्हणतात, "गेला वाया. बाबासाहेबांनी हातात पेन दिलं, यानं पाना धरला." कौशल्यविकासाच्या व्यासपीठावरचे साहेब म्हणतात, "छान झालं, या मुलांचा हात चांगला चालतो." एक तुच्छतेने बोलतो, दुसरा कौतुकाने. पण दोघांचा समज एकच आहे : हाताच्या कामाला डोकं लागत नाही. हा समज जातिव्यवस्थेने दिलेला आहे. साहेबांच्या तोंडी तो असणारच. आपल्या माणसाच्या तोंडी ऐकला की आम्हाला जास्त लागतो.

म्हणून गॅरेजमधलं सगळ्यात क्षुल्लक समजलं जाणारं काम तपासायला घेऊ : जुन्या पिकअपचा गंजून जाम झालेला बोल्ट काढणं. यात कोणी रूपक शोधू नये. बोल्ट म्हणजे बोल्टच.

गाडी घेऊ घंटागाडी. कारण तिच्यावर काम करणारे बहुतेक आपलेच लोक आहेत. ओल्या कचऱ्यातून आंबट-खारट पाणी रोज चासीवर गळतं. कोकणात मासळी वाहणाऱ्या पिकअपचं हेच होतं, तिथे बर्फाचं खारं पाणी गळतं. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो, मीठ आणि आम्ल मिळालं की तो वेगाने चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे नट आणि बोल्टच्या आट्यांमधली बारीक फट गंजाने ठासून भरते. बोल्ट जाम होतो तो असा. धम्म आपल्याला आधी कारण शोधायला शिकवतो. कारण कळलं की उपायही कळतो : जोर नंतर, आधी गंजाची पकड मोडायची.

पहिलं काम तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करणं. मग गंज सोडवणारा स्प्रे मारायचा आणि थांबायचं. तो आट्यांत झिरपायला वेळ लागतो. संध्याकाळी मारून, पुन्हा मारून, सकाळी हात लावणारा मिस्त्री आळशी नसतो, शहाणा असतो. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे नेमके ठोके दिले की हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरतं.

दुसरं, पाना कोणता? फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो आणि गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाऊन टाकतो. इथे सहा कोनांची गोटी हवी, ती सहाही बाजू धरते. पहिली हालचाल किंचित आवळण्याची, मग सोडण्याची. थोडं सोडायचं, थोडं मागे घ्यायचं, पुन्हा तेल. सरळ पाइप लावून लोंबकळलं तर बोल्ट तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

तिसरा उपाय उष्णता. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. नट फुगतो, पकड सुटते. पण आधी तेल पुसायचं, आणि जवळ डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, रबरी बुश किंवा वायरिंग असेल तर आग लावायचीच नाही. बोल्ट तुटलाच तर उरलेल्या बुंध्यावर नवा नट वेल्ड करून तो फिरवतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेही पकड सुटते. वेल्डिंगआधी बॅटरीची जोडणी काढायची. आणि कमानीचे पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट गंजले असतील तर वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही. कापायचे आणि नवे बसवायचे.

नवा बोल्ट बसवताना त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचायचा. ८.८ यातल्या पहिल्या ८ चा अर्थ ताण सोसण्याची ताकद सुमारे ८०० मेगापास्कल. दुसऱ्या ८ चा अर्थ त्या ताकदीच्या ८० टक्के ताण आला की बोल्ट कायमचा लांबायला लागतो. जिथे १०.९ चा बोल्ट होता तिथे स्वस्तातला हलका बोल्ट घालणं म्हणजे मागे उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवाशी खेळणं.

आता सांगा, यात रसायनशास्त्र नाही? पदार्थविज्ञान नाही? निर्णय, संयम, जोखमीचा हिशोब नाही? हेच एखाद्या इंजिनिअरने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं तर आपण वही काढतो. मिस्त्री सांगतो तेव्हा आपण त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करतो : "एवढासा बोल्ट, आणि काढायचे एवढे पैसे?" वकिलाला मात्र आपण असं विचारत नाही की सही करायला किती सेकंद लागले.

काहीजण म्हणतील, बाबासाहेबांनी तर असली कामं सोडायला सांगितली. नीट वाचा. बाबासाहेबांनी जन्माने गळ्यात मारलेली कामं सोडायला सांगितली. मेलेली ढोरं ओढणं सोडायला सांगितलं. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, कारण त्या चाकरीत निवड नव्हती, मोबदला नावाला होता आणि राबणूक अमर्याद होती. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये १९३६ साली त्यांनी दाखवलं की जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच तोडते आणि एकाखाली एक रचते. आणि यंत्राबद्दल? गांधींच्या यंत्रविरोधाचा त्यांनी १९४५ च्या ग्रंथात खरपूस समाचार घेतला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जगणं नाही, ही त्यांची भूमिका होती. यंत्राच्या बाजूने उभा राहिलेला माणूस यंत्र जाणणाऱ्याला तुच्छ कसा मानेल?

त्याच ग्रंथात त्यांनी भंगीकामाच्या उदात्तीकरणावरही कोरडे ओढले. म्हणून साहेबांच्या कौतुकालाही आम्ही भुलत नाही. "श्रमाला प्रतिष्ठा आहे" असं सांगणारा स्वतःच्या मुलाला गॅरेजमध्ये पाठवत नाही. प्रतिष्ठा भाषणातून येत नाही. निवड, ज्ञान, मोबदला आणि सुरक्षितता या चार गोष्टींतून येते. आज गॅरेजमधल्या हेल्परला यातलं काय मिळतं? "मार हातोडा" एवढंच सांगतात, का मारायचा ते सांगत नाहीत. डोळ्यांवर चष्मा नाही, गंजाचे कण डोळ्यात जातात. गाडी नुसत्या जॅकवर, खाली मजबूत घोडी नाही. आणि पाना ओढताना गाडी हलते तेव्हा खाली तोच असतो. कारण न सांगता काम करून घेणं ही वतनदारीचीच रीत आहे, मग गॅरेजचा मालक कोणत्याही जातीचा असो. आपल्या जातीचा असला तरीही.

आम्ही आपल्या मुलांना मेकॅनिकच व्हा म्हणत नाही. स्पर्धा परीक्षा द्या, पीएचडी करा, न्यायाधीश व्हा. पण ‘शिका’ या शब्दाचा अर्थ फक्त खुर्चीपर्यंत पोचवणारं शिक्षण असा लावू नका. कर्ज काढून जुनी पिकअप घेतलेला आपला भाऊ रस्त्यात अडकतो तेव्हा ते शिक्षण त्याच्या कामी येत नाही.

म्हणून तीन कामं करू. एक, विहारातल्या अभ्यासिकेत महिन्यातून एक रविवार मिस्त्रीला द्या. त्याला मानधन द्या, खुर्चीवर बसवा, ‘सर’ म्हणा. तो सांगेल ते कारणांसकट मराठीत लिहून काढा, कारण हे ज्ञान लिहिलेलं नाही म्हणूनच त्याला कोणी ज्ञान म्हणत नाही.

दोन, व्यावसायिक गाडी ८ वर्षांपेक्षा जुनी झाली की दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. आपल्या गावातल्या प्रत्येक घंटागाडीचं प्रमाणपत्र आणि दुरुस्तीची नोंद २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नगरपालिकेकडे मागा. कागदावर धडधाकट असलेल्या गाडीचे यू-बोल्ट खाली वाकून बघा, फोटो काढा, अर्जाला जोडा.

तीन, गॅरेजमध्ये आपलं पोर असेल तर चष्मा आणि घोडी मालकाकडे मागा. देत नसेल तर संघटना म्हणून जा.

यंदाच्या जयंतीला व्यासपीठावर एक मिस्त्री आणि एक घंटागाडीचा ड्रायव्हर बसवा. हार घालून मोकळे होऊ नका, माइक त्यांच्या हातात द्या.

जय भीम!